लघवी गळते म्हणजे पिशवी रिकामी झाली असे नव्हे
मागच्या पायांनी अधू झालेल्या कुत्र्याची देखभाल

वस्तीतल्या कुत्र्याला टेम्पोची धडक बसते. जीव वाचतो, पण मागचे पाय लुळे पडतात. पोरे त्याला पोत्यावर घालून घरी आणतात. दोन दिवसांनी तो बसेल तिथे ओल दिसू लागते. घरची माणसे म्हणतात, "लघवी होते आहे ना, एवढे तरी बरे!" नेमकी इथेच फसगत होते.

पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंना इजा झाली की लघवीची पिशवी भरल्याचा निरोप मेंदूला पोचत नाही. भरलेल्या माठासारखे वरचे तेवढे गळते, बाकीचे आत साचते. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. पिशवी ताणून ताणून कायमची ढिली पडते. जंतू मूत्रपिंडात गेले तर जिवावर बेतते.

इजा पाठीच्या मध्यावर असेल तर पिशवीचे तोंड बहुधा आवळलेले राहते, दाबूनही लघवी सुटत नाही. अशा वेळी डॉक्टर तोंड सैल करणारे औषध देतात. इजा कमरेच्या खाली, शेपटीकडे असेल तर पिशवी ढिली पडते, कुत्र्याला उचलले तरी धार लागते. हा फरक जनावरांच्या डॉक्टरांनीच ओळखावा.

पिशवी दाबून रिकामी करण्याची रीत डॉक्टरांकडून एकदा हाताने करून शिकून घ्या. कुत्र्याला कुशीवर निजवा किंवा आधार देऊन उभे करा. दोन्ही तळवे मागच्या मांड्यांच्या पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंना ठेवा. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी पिशवी हाताला लागते. ती हळूहळू, एकसारखी, शेपटीच्या दिशेने दाबा. हिसका देऊ नका. पिशवी कडक लागली आणि लघवी येत नसेल तर जोर लावू नका, ती फुटू शकते. तातडीने डॉक्टर गाठा.

हे काम दिवसातून ३ ते ४ वेळा करावे लागते. १० किलोच्या कुत्र्याला २४ तासांत साधारण पाव ते अर्धा लिटर लघवी होते. त्यावरून अंदाज घ्या. ओल नको म्हणून पाणी तोडू नका, त्याने त्रास वाढतो.

लघवी गढूळ, लालसर किंवा उग्र वासाची झाली तर तपासून घ्या. ओली जागा कोमट पाण्याने धुऊन कोरडी करा, नाहीतर कातडी सोलवटते. अंथरूण रोज बदला, कूस दर ४ तासांनी पालटा. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या मुळीच देऊ नका, कुत्र्याला त्या विषासारख्या ठरू शकतात.

आपलीही काळजी घ्या. कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोचा आजार माणसाला होऊ शकतो. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. दुखावलेला कुत्रा मायेच्या माणसालाही चावतो. चावल्यास जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्या.

कुत्र्याच्या पायाचे बोट जोरात दाबल्यावर तो वळून पाहतो किंवा ओरडतो का, हे डॉक्टर तपासतात. तसे झाले तर सुधारणेची आशा चांगली असते. नुसता पाय आखडला तर ती खूण धरत नाहीत. सुधारायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर घरात पाळ्या वाटून घ्या. सकाळी कामावर निघण्यापूर्वी एकाने, दुपारी शाळेतून आलेल्या मोठ्या मुलाने, रात्री झोपण्यापूर्वी आईने किंवा वडिलांनी. एकट्या बाईवर हा भार टाकू नका.