संकटकाळची बिनतारी परिभाषा

मंचर ठाण्याची गाडी अवसरी बुद्रुकच्या चौकात थांबली, की तिच्या बिनतारी यंत्रातून घरघरत येणारे ‘रॉजर’, ‘ओव्हर’ हे शब्द ऐकू येतात; पण त्यांचा अर्थ बहुतेकांनी चित्रपटगृहातून घेतलेला असतो, आणि तो सहसा चुकीचा असतो.

‘रॉजर’ म्हणजे ‘आज्ञा मान्य’ हा समज सार्वत्रिक आहे; वस्तुतः त्याचा अर्थ ‘संदेश पोहोचला’ एवढाच. ‘रिसीव्ह्ड’चे आद्याक्षर ‘आर’ आणि महायुद्धकालीन वर्णमालेत ‘आर’चे नाव रॉजर. १९५६ साली त्याच्या जागी ‘रोमिओ’ची नेमणूक झाली, तरी रॉजरसाहेबांनी खुर्ची सोडली नाही. हुकमाची तामिली करतो, असे सांगायचे तर ‘विल्को’ म्हणावे लागते. ‘ओव्हर अँड आउट’ हा तर वदतोव्याघातच : पहिला शब्द उत्तर मागतो, दुसरा संभाषण संपवतो.

‘एस.ओ.एस.’मध्ये ‘आमचे प्राण वाचवा’ असा आक्रोश दडलेला आहे, ही कल्पना हृद्य असली तरी उत्तरकालीन आहे. १९०६ च्या बर्लिन परिषदेने तीन बिंदू, तीन रेषा, तीन बिंदू ही अखंड खूण केवळ ती सहज ओळखू येते म्हणून स्वीकारली. टायटॅनिकने ती प्रथम वापरली, हेही खरे नाही. १९०९ सालीच जहाजांनी तिचा अवलंब केला होता. तोंडी संदेशात मात्र ‘एस’चा उच्चार खरखरीत हरवे, म्हणून क्रॉयडन विमानतळावरील फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी १९२० नंतरच्या दशकात ‘मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दसमूहावरून ‘मेडे’ घडविला. एक मे या दिवसाशी त्याचा काडीइतका संबंध नाही.

सर्वांत मौजेची कुळकथा अमेरिकी पोलिसांच्या ‘टेन-फोर’ची, म्हणजे त्यांच्या ‘संदेश मिळाला’ची. त्या काळचे प्रक्षेपक कळ दाबताच पूर्ण शक्तीने चालू होत नसत आणि पहिले अक्षर वाऱ्यावर जाई. तेव्हा ते बळी देण्याकरिताच इलिनॉयच्या चार्ल्स हॉपर यांनी ‘टेन’ पुढे उभा केला! पुढे गावोगावी ‘टेन’ने सुरू होणाऱ्या अशा आकड्यांचे अर्थ निराळे झाले, आणि अनेक खात्यांनी मिळून करावयाच्या कामांत तेथील केंद्र सरकारने २००६ पासून साध्या भाषेचा आग्रह धरला.

तो आग्रह मंचर-अवसरीच्या आंबेगाव तालुक्याला परका वाटू नये. ३० जुलै २०१४ रोजी तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा पहिली वार्ता कोणत्याही संकेतशब्दाने नव्हे, तर गाव जागेवर न दिसलेल्या एस.टी.च्या चालकामार्फत बाहेर आली. आणि नंतर पोलीस, महसूल, आरोग्य खाते व आपत्ती प्रतिसाद दल एकाच चिखलात उतरले, तेव्हा एका खात्याचा आकडा दुसऱ्याला उलगडत बसण्याइतकी सवड तेथे कोणालाच नव्हती.