कॅमेरे सात, पण रोल एकही धुतलेला नाही! फिल्म फोटोग्राफीत जास्तीचं सामान का नडतं?

फिल्म फोटोग्राफीचा नाद लागला की पहिला कॅमेरा बऱ्याचदा घरातच सापडतो. आजोबांचा आग्फा क्लिक थ्री, नाहीतर काकांचा यशिका. दुसरा हौसेने विकत घेतला जातो, तिसरा 'स्वस्तात मिळाला' म्हणून, आणि चौथा का घेतला हे घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. या आजाराला नाव आहे 'गॅस', म्हणजे गिअर ॲक्विझिशन सिंड्रोम. मूळचं हे नाव गिटारवाल्यांचं, कॅमेरेवाल्यांनी ते उचललं.

डिजिटलमध्येही हा नाद असतोच. पण फिल्ममध्ये तो जास्त महागात पडतो आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही.

डिजिटल कॅमेऱ्यात फोटो काळा आला तर लगेच स्क्रीनवर दिसतो. फिल्ममध्ये आधी 36 फोटो संपायचे, मग रोल लॅबला जायचा, मग धुऊन, स्कॅन होऊन यायचा. यात महिना सहज जातो. तोपर्यंत तो फोटो कोणत्या सेटिंगला काढला होता, हे कोणाला आठवतंय? त्यात घरात तीन कॅमेरे, प्रत्येकाला तीन लेन्स आणि चार प्रकारच्या फिल्म असतील तर जोड्या होतात 36. म्हणजे अख्ख्या रोलभर फोटो काढले तरी प्रत्येक जोडीच्या वाट्याला एकच येतो. फोटो फिका आला तर दोष मीटरचा, शटरचा, मुदत संपलेल्या फिल्मचा की लॅबचा? शोधायचं कुठे?

कॅमेरा, लेन्स आणि फिल्म एकच ठेवली की हा गुंता सुटतो. शटरमध्ये खोट असेल तर ती रोलमागून रोल दिसत राहते. पाच-सहा रोलनंतर अंदाज बसायला लागतो. कडक ऊन, फिल्म 400 ची, मग ॲपर्चर एफ 16 आणि शटर 1/500, हे मीटर न बघता जमतं.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी 1932 मध्ये लायका हातात घेतला आणि पुढचं बहुतेक काम 50 एमएमच्या लेन्सवर केलं. 30 जानेवारी 1948 ला, हत्येच्या काही तास आधी, ते गांधीजींना भेटले होते. अर्थात लायका तेव्हाही स्वस्त नव्हता. कमी सामान म्हणजे कमी खर्च, असं दरवेळी नसतं.

दुसरं दुखणं आपल्याकडच्या पावसाळ्याचं. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. ती वाढली की काचेवरचं कोटिंग कायमचं खराब होतं. चामड्याची केस दिसायला भारी, पण ओल धरून ठेवते. न वापरलेल्या शटरमधलं तेल घट्ट होतं आणि स्लो स्पीड अडकायला लागतात. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्यात एक अर्धवट रोल! काढलेले फोटो न धुता वर्षानुवर्षं तसेच राहिले तर हळूहळू विरत जातात. एखाद्या वाढदिवसाचे फोटो असे गेले, तर ते परत काढता येत नाहीत.

मग दुसरा कॅमेरा घ्यायचाच नाही का? तसं नाही. फिल्मचा आयएसओ रोलच्या मध्येच बदलता येत नाही, त्यामुळे वृत्तपत्रांचे फोटोग्राफर दोन कॅमेरे बाळगायचे, एकात ब्लॅक अँड व्हाईट, दुसऱ्यात रंगीत. लग्नाचं काम करणाऱ्याला जोडीला एक लागतोच. जुनं यंत्र ऐन वेळी दगा देऊ शकतं. ही गरज झाली. सात कॅमेरे ही गरज नव्हे.

ज्यांना पसारा आवरायचा आहे, त्यांनी आधी एक कॅमेरा, एक लेन्स आणि 400 ची एकच फिल्म घेऊन दहा रोल काढून बघावेत. इल्फर्ड एचपी 5 किंवा कोडॅक ट्राय-एक्स चालेल. उजेड कमी असेल तर अख्खा रोल 1600 ला काढायचा आणि लॅबला तसं सांगायचं. प्रत्येक फोटोचं ॲपर्चर आणि शटर वहीत लिहायचं. बाकीचे कॅमेरे चालू आहेत तोवर विकलेले बरे, बंद पडल्यावर किंमत येत नाही. जे ठेवायचे ते सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवायचे आणि महिन्यातून एकदा सगळ्या स्पीडवर शटर दाबून बघायचं.

आणि आजोबांचा कॅमेरा विकवत नसेल, तर निदान त्यातला अडकलेला रोल आधी संपवून धुवायला टाका.