‘पर्कशन’ला मराठींत काय म्हणावें?

मुंबईच्या उपनगरांत होणाऱ्या गाण्याच्या कार्यक्रमांच्या पत्रिका ज्यांच्या हातीं पडतात त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली असेल. आमच्या मुलुंडास महाकवी कालिदास नाट्यमंदिर असल्यामुळें अशा पत्रिका घरांत बऱ्याच सांठतात. प्रथम गायकाचें नांव, मग संवादिनी, तबला, ढोलकी, आणि अगदीं शेवटीं ‘पर्कशन’ म्हणून एक नांव. तबला आणि ढोलकी हीं आघातानेंच वाजणारीं वाद्यें. मग त्यांना वगळून उरणारें हें ‘पर्कशन’ तें कोणतें? रंगमंचाच्या कोपऱ्यांत पाहावें तों खंजिरी, घुंगरूं, झांजा, एखादी घंटा, आणि अलीकडे रबरी चौकटींची ती विजेवर चालणारी पाटी, जिला ऑक्टोपॅड म्हणतात. इंग्रजींत ज्या शब्दाच्या पोटांत ठोकण्याचें सारें जग मावतें तो शब्द आमच्याकडे येऊन उरल्यासुरल्याचें गांठोडें झाला आहे.

शब्द मूळचा लॅटिन. ‘पेर्’ म्हणजे आरपार आणि ‘क्वातेरे’ म्हणजे हादरविणें. डोक्यास मार बसून मेंदू हादरला म्हणजे डॉक्टर ज्यास ‘कन्कशन’ म्हणतात तो याचाच सख्खा भाऊ. आणि ‘डिस्कशन’ हाहि त्याच घरचा, त्याचा मूळ अर्थ आपटून सुटें करणें. एकत्र कुटुंबांत रात्रीच्या पंक्तीस जें ‘डिस्कशन’ चालतें तें ज्यांनीं ऐकलें आहे त्यांना ही व्युत्पत्ति निराळी पटवून द्यावयास नको.

संस्कृतांत या अर्थाचे धातु दोन : ‘तड्’ आणि ‘हन्’. पहिल्यापासून ताडन, दुसऱ्यापासून आघात आणि आहति. ‘घन’ हा शब्दहि पाणिनीनें ‘हन्’पासूनच साधला आहे, ठोकून ठोकून जें दाट झालें तें घन. लोहाराच्या हातांतला घण हा त्याचाच मराठी अवतार. परंतु मराठीचें खरें वैभव नामांत नसून क्रियापदांत आहे. आपण मृदंग वाजवितों, ढोल बडवितों, दवंडी पिटतों, टाळ कुटतों. चौघडा झडतो आणि ताशा कडाडतो. ‘मृदंग बडविला’ असें कोणी म्हणत नाहीं आणि ‘दवंडी वाजविली’ असेंहि म्हणत नाहीं. या क्रियापदांत वाद्याच्या नादाबरोबर वाद्य वाजविणाऱ्याची पायरीहि ठरलेली असते. वारकऱ्यांस ‘टाळकुटे’ म्हणून हिणविणाऱ्या सुशिक्षितांनीं तें क्रियापद कांहीं उगीच निवडलें नव्हतें.

वाद्यें क्षणभर बाजूस ठेवून स्वयंपाकघराकडे वळूं. मडकें घेतांना आपल्या घरच्या वडील बायका टिचकी मारून पाहत. खणखणीत वाजलें तर घ्यावयाचें, बद्द वाजलें तर कोठें तरी भेग आहे असें समजून परत ठेवावयाचें. नारळ, फणस, कलिंगड यांचीहि परीक्षा अशीच; चांदीचा रुपया चालत होता तेव्हां तोहि दगडावर वाजवून घेत. आंतील वस्तु न फोडतां आंतील स्थिति आवाजावरून जाणावयाची, ही विद्या वैद्यकांत नेणारा गृहस्थ म्हणजे लेओपोल्ड आउएनब्रुगर. त्याचा जन्म ऑस्ट्रियांतील ग्राट्झ येथें १७२२ सालीं एका खाणावळवाल्याच्या घरीं झाला. पिंपावर टिचक्या मारून आंत द्राक्षासव कोठवर आहे हें ओळखण्याची रीत त्यानें तेथें पाहिली होती असें सांगतात. पुढें व्हिएन्नांत डॉक्टर झाल्यावर त्यानें रोग्यांच्या छातीवर बोटांनीं ठोकून पाहण्यास आरंभ केला आणि १७६१ सालीं एक लहानसें लॅटिन पुस्तक छापलें. निरोगी छातीचा आवाज जाड लोकरी कापड घातलेल्या ढोलासारखा येतो, आंत पाणी सांठलें म्हणजे तो मंद होतो, असें त्याचें प्रतिपादन. या गृहस्थास संगीताचेंहि अंग होतें. सालिएरीच्या एका संगीतनाटकाची संहिता त्यानेंच लिहिली आहे. पुस्तकाकडे मात्र जवळजवळ कोणीच पाहिलें नाहीं. १८०८ सालीं नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिझार यानें त्याचें फ्रेंच भाषांतर केलें तेव्हां त्याची कीर्ति झाली, आणि दुसऱ्याच वर्षीं आउएनब्रुगर वारला.

आमच्या वाग्भटानें वातोदराचें लक्षण सांगतांना, पोटावर आघात केला असतां वाऱ्यानें फुगविलेल्या कातडी पखालीसारखा शब्द येतो, असें त्याच्या कित्येक शतकें आधीं लिहून ठेविलें आहे. यावरून छाती फुगवून घेण्याचें कारण नाहीं. पोटावर ठोकून पाहिलें तसें छातीवरहि ठोकून पाहावें आणि त्याचें शास्त्र करावें हें आमच्याकडे घडलें नाहीं. परंतु वाग्भटास उपमा सुचली ती पखालीची, आउएनब्रुगरास ढोलाची, दोन्ही कातड्याच्याच.

बंदुकीच्या ‘पर्कशन’विषयीं दोन शब्द पुरेत. गारगोटीच्या बंदुकीची ठिणगी पाहून पक्षी उडून जातात म्हणून कंटाळलेल्या फोर्साइथ नांवाच्या स्कॉटिश पाद्र्यानें १८०७ सालीं आघातानें पेटणाऱ्या दारूची सनद घेतली. त्यांतूनच पुढें केपाची बंदूक निघाली. दिवाळींत नातवंडें ज्या टिकल्या फोडतात त्या याच तत्त्वावर वाजतात. हातोडीनें टिकली फोडणारें पोर ‘पर्कशन’चाच प्रयोग करीत असतें.

आतां वाद्यांकडे येऊं. मराठींत ‘पर्कशन’ला सर्रास ‘तालवाद्य’ म्हणण्याची चाल पडली आहे. ती मला मान्य नाहीं. जलतरंगाचे पेले काडीच्या आघातानेंच वाजतात, पण त्यांतून राग निघतो. पियानोच्या आंत तारांवर हातोड्या पडतात. यांना तालवाद्यें कशीं म्हणावीं? उलट तालास वाद्यच लागतें असेंहि नाहीं. कल्याण-ठाण्याकडून मुलुंडमार्गें बोरीबंदराकडे जाणाऱ्या लोकलगाडींत सकाळचीं भजनी मंडळें ज्यांनीं ऐकलीं आहेत त्यांना ठाऊक असेल कीं, टाळ अपुरे पडले म्हणजे डब्याचा पत्रा त्याच कामीं येतो, आणि ठेकाहि चुकत नाहीं.

नाट्यशास्त्रांत वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत : तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. ताणलेल्या तारांचें तें तत, पोकळींतून फुंकावयाचें तें सुषिर, कातड्यानें मढविलेलें तें अवनद्ध, आणि टाळ-झांजांसारखें भरीव तें घन. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या दोघांनीं १९१४ सालीं जर्मन भाषेंत वाद्यांचें जें वर्गीकरण प्रसिद्ध केलें आणि जें आज जगभर चालतें, त्यांतहि मूळचे वर्ग चारच होते, आणि ते आपल्या चारांशीं सहज जुळतात. युरोपीय वाद्यवृंदानें मात्र ढोल आणि झांजा एकाच ‘पर्कशन’च्या पोत्यांत घातल्या, कारण त्यानें पाहिलें तें वाजविणाऱ्याच्या हाताकडे. आपल्या शास्त्रकारांनीं वाद्य कशाचें बनलें आहे याकडे पाहिलें.

बनावट पाहण्याचें महत्त्व किती आहे हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं दाखविलें. साधें गोल कातडें ताणून त्यावर आघात केला तर त्यांतून निघणारे उपस्वर पूर्णांकांच्या प्रमाणांत नसतात. म्हणून साध्या ढोलाचा नुसता दणका ऐकूं येतो, स्वर लागत नाहीं. मृदंगाचें आणि तबल्याचें तसें नाहीं. १९२० सालीं शिवकाली कुमार यांच्यासह आणि पुढें १९३४ सालीं स्वतंत्रपणें लिहिलेल्या निबंधांत रामन यांनीं सिद्ध केलें कीं, पुडीच्या मध्यावरील शाईमुळें पहिले पांच स्वरांश १, २, ३, ४, ५ या प्रमाणांत येतात, जसे ते तारेंतून येतात. ही शाई म्हणजे लोखंडाचा बारीक भुगा आणि खळ. ती पातळ थर देऊन, प्रत्येक थर गुळगुळीत दगडानें घोटून चढवितात. घोटतांना तिच्यांत केसासारख्या भेगा पडतात आणि त्यामुळेंच ती कडक असूनहि पुडीबरोबर लवते. थर कोठें जाड ठेवावयाचा आणि कोठें पातळ, हें कारागिरास कानानें कळतें. नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यानें जें गणितानें मांडलें तें ज्यानें बोटांनीं साधलें होतें त्याचें नांव कोणासहि ठाऊक नाहीं.

आतां ‘अवनद्ध’ शब्दाकडेच पाहावें. ‘नह्’ म्हणजे बांधणें. ‘अव’ लागून अवनद्ध, म्हणजे बांधून मढविलेलें. याच ‘नह्’ धातूला ‘उप’ लागून ‘उपानह्’ झाला, आणि त्याचीच आपली मराठी वहाण. मृदंग आणि वहाण या एका धातूच्या लेकी आहेत. एकीला आम्हीं देवघराजवळ नेलें आणि दुसरीला उंबऱ्याबाहेर ठेविलें. आमच्या कोंकणांतील घरीं आजोबांचा मृदंग खुंटीला टांगलेला असे आणि दसऱ्यास त्याला गंधफूल वाहत. पुडी चढविणारा आला म्हणजे मात्र तो अंगणांत बसे, आणि त्यास पाणी वरून घालीत. जी पुडी त्यानें बांधली तिला हात लावून आम्हां मुलांनीं नमस्कार करावयाचा, आणि बांधणाऱ्यापासून हातभर दूर उभें राहावयाचें. यांत कोणास विसंगति दिसत नसे.

ही रीत आमच्याच घरापुरती नव्हती. वाईजवळच्या बावधनचे नानासाहेब पानसे यांचें नांव पखवाजाच्या इतिहासांत अजरामर आहे. त्यांचा पखवाज कोणी मढविला हें विचारण्याची सोय त्या इतिहासानें ठेवलेली नाहीं. हलगीची कथा याहून कडवट. गांवच्या सणांत आणि मर्तिकांत ती वाजविणें हें महार व मातंग समाजांवर लादलेलें काम होतें, आणि डॉ. आंबेडकरांच्या चळवळीनंतर अनेकांनीं तें निश्चयानें टाकून दिलें. मुलुंडास तामिळ कुटुंबें पुष्कळ. त्यांच्या मृदंगाचें काय, हें टी. एम. कृष्ण या गायकानें ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ या २०२० सालच्या पुस्तकांत लिहिलें आहे. कर्नाटक संगीताच्या थोर मृदंगवादकांचीं वाद्यें घडविणारीं बहुतेक घराणीं दलितांचीं, त्यांतहि ख्रिस्ती दलितांचीं. या पुस्तकाच्या प्रकाशनास चेन्नईंतील एका मान्यवर कलासंस्थेनें आधीं जागा दिली आणि मग ती काढून घेतली.

तेव्हां ‘पर्कशन’ला माझा पर्याय असा. वैद्यकांत ‘ताडन’ म्हणावें, बंदुकीच्या बाबतींत ‘आघात’ पुरे. वाद्यांसाठीं एक शब्द शोधूं नये. कातड्याचें असेल तर अवनद्ध, भरीव असेल तर घन. फायबरचें पान बसविलेल्या हल्लींच्या ढोलासहि अवनद्ध म्हणण्यास हरकत नाहीं, कारण बांधणी कायम आहे. ऑक्टोपॅड मात्र चारांपैकीं कोणत्याच वर्गांत बसत नाहीं. ठोकावयाचें एका जागीं आणि नाद भलत्याच जागीं सांठविलेला. त्यास खुशाल ऑक्टोपॅड म्हणावें. आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेंत जेथें ‘तबला : अमुक’ असें छापतात, त्याच्याच खालीं त्याच टाइपांत ‘तबल्याची बांधणी : तमुक’ अशी एक ओळ घालावी. मुलुंडांतील एक-दोन मंडळांच्या चालकांकडे मीं ही सूचना केली आहे. जागा पुरत नाहीं असें एकानें सांगितलें, दुसऱ्यानें कारागिराचें नांव विचारून कळवितों म्हटलें आहे.