गोधडीची भिशी आणि मधला चौक

गोधडी ही वस्तू आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे; पण ती पाहुण्यांच्या नजरेस पडावी असे फार थोड्यांना वाटते. दारावरची घंटा वाजली की पलंगावर ब्लँकेट पसरले जाते आणि गोधडी आतल्या खोलीत जाते. आम्हीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. चिंध्या, ठिगळे हे शब्द आपल्या आयाबायांनी शिवीसारखे ऐकलेले आहेत. त्यामुळे चार पैसे हाती आल्यावर गोधडी आधी घराबाहेर गेली, यात नवल नाही. परंतु तिच्याबरोबर हिशेबाची, हाताची आणि माणसे जोडण्याची एक विद्याही घराबाहेर चालली आहे. त्या विद्येच्या एका लहानशा भागाविषयी, म्हणजे गोधडीच्या मधल्या चौकाविषयी, येथे लिहावयाचे आहे.

निमित्त असे घडले. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या बसमार्गावर आमचे डोंगरी गाव आहे. येथे गेल्या पावसाळ्यात आम्ही पाच जणींनी गोधडीची भिशी लावली. एक परभणीकडच्या मावशी, एक रत्नागिरीच्या वहिनी, एक शाळेतल्या बाई, एक शेजारच्या ख्रिस्ती ताई आणि पाचव्या आम्ही, बँकेत आकडेमोड करणाऱ्या. शिवणे खऱ्या अर्थाने फक्त मावशींना येत होते. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. "उजेड दिसतोय तवर शिकून घ्या," असे त्या म्हणाल्या आणि आम्ही कामाला लागलो.

भिशीचा हिशेब

पैशांच्या भिशीत प्रत्येकजण दरमहा रक्कम भरतो आणि एकेकाला ती उचलता येते. शेतात सावड असते. आज तुमच्या रानात, उद्या आमच्या. गोधडीच्या भिशीचा नियम तोच. प्रत्येकीने आपल्या घरच्या कापडाचा एक चौक करावयाचा आणि तो शेजारणीला द्यावयाचा. तिने त्याला चारही बाजूंनी एक पट्टी जोडून पुढे पाठवावयाचे. चौघींच्या हातून फिरून चौक मालकिणीकडे परत आला की त्याला चार चौकटी लागलेल्या असतात. अशा रीतीने पाच चौक एकाच वेळी फिरत राहतात. कोणाचाही हात रिकामा नाही आणि कोणावरही जास्त भार नाही.

मापे आधी ठरवावी लागतात. आमचा चौक तयार माप १८ इंच, आणि प्रत्येक पट्टी तयार माप ६ इंच रुंद असा होता. प्रत्येक फेरीत दोन्ही अंगांनी सहा सहा इंच वाढतात. म्हणून १८ चे ३०, मग ४२, ५४ आणि शेवटी ६६ इंच होतात. घरी परत आल्यावर मालकिणीने डोक्याकडे व पायाकडे नऊ नऊ इंच जोडले की लांबी ८४ इंच, म्हणजे सात फूट भरते; मोठ्या माणसाला पुरेशी.

कापड किती लागेल याचाही अंदाज आधी घ्यावा. पहिल्या फेरीला एकूण ९६ इंच पट्टी लागते, दुसऱ्या फेरीला १४४, तिसऱ्या फेरीला १९२ आणि चौथ्या फेरीला २४० इंच. आकडा मोठा वाटतो, पण ४५ इंच पन्ह्याच्या साडीतून सात इंची सहा पट्ट्या निघतात. त्यामुळे चौथ्या फेरीलाही सव्वा वाराच्या आतबाहेर कापड पुरते.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि अश्विन पौर्णिमेला संपतो. हे तीन महिने आम्ही भिशीसाठी घेतले. चार फेऱ्यांना प्रत्येकी बावीस दिवस आले. नोकरी आणि घर सांभाळून तेवढे पुरतात.

चौकाचे कापड

चौकासाठी जुने सुती कापड घ्यावे. सुतीला सुतीच जोडावी. नायलॉन किंवा पॉलिएस्टर मध्ये आले की एक कापड धुण्यात आटते, दुसरे तसेच राहते आणि शिवण चुरगळते. नवे कापड घ्यावयाचेच असेल तर आधी दोनदा धुवून, वाळवून घ्यावे. ज्याचा रंग जातो असा संशय असेल त्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून पाहावा. पावसाळ्यात कापड पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नये. कुबट वास एकदा बसला की सहज जात नाही.

लुगड्याचा कोणता भाग घ्यावा, हे मावशींनी दाखविले. ज्या भागावर बसणे-उठणे होते तो विरलेला असतो. काठाजवळचा आणि आत खोवला जाणारा भाग मजबूत राहतो. कापड उजेडासमोर धरले की विरलेले कोठे आहे ते लगेच समजते.

कापणे आणि जोडणे

सर्वात सोपा आणि सर्वात भरवशाचा चौक म्हणजे नऊ खणांचा; तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन खण. प्रत्येक खण तयार झाल्यावर ६ इंच हवा, म्हणून तो ७ इंच कापावा. चारही बाजूंना अर्धा इंच शिवणीत जातो. शिंपी या सोडलेल्या कापडास माया म्हणतात. माया कमी ठेवली तर शिवण उसवते, माया कमीजास्त ठेवली तर चौक वाकडा होतो.

खण कात्रीने कापण्यापेक्षा शक्य तेथे फाडावा. कडेला लहानसा काप देऊन फाडले की कापड आपल्या धाग्याच्या ओळीने सरळ फाटते. कागदाचा नमुना ठेवून डोळ्याच्या अंदाजाने कापले तर धागा तिरपा येतो, आणि तिरप्या धाग्याचे कापड ओढले की लांबते.

आधी तीन तीन खणांच्या ओळी शिवाव्यात. एका इंचात पाच-सहा टाके येतील असा बारीक धावदोरा घालावा. आरंभी व शेवटी टाका उलटा घेऊन पक्का करावा. शिवणी इस्त्रीने एका बाजूस दाबाव्यात. मग तीन ओळी एकमेकींना जोडताना पहिल्या ओळीच्या शिवणी डावीकडे तर दुसऱ्या ओळीच्या उजवीकडे ठेवाव्यात, म्हणजे कोपऱ्यावर कापडाचा गठ्ठा होत नाही.

चौक झाला की टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजावेत. शिवणीची माया सोडून मधल्या १८ इंचांच्या चौकोनाचा कर्ण साधारण साडेपंचवीस इंच येतो. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर चौक पुढे पाठवू नये. चारही बाजू बरोबर असूनही चौक तिरका असू शकतो. ती चूक कर्णच दाखवितो.

चौक फार नक्षीदार करू नये, हेही सांगावेसे वाटते. चौकातच सर्व रंग, सर्व हौस ओतली तर पुढच्या चौघींना करण्यासारखे काही उरत नाही.

आमची चूक

वरील सर्व आम्हाला आधी सांगितलेले होते, तरीही आम्ही चुकलो. आईचे शेवटचे हिरवे नऊवारी लुगडे ट्रंकेत होते. आई जाऊन सहा वर्षे झाली. ते कापावे की नाही यात आठवडा गेला. शेवटी कापायला बसलो तेव्हा हात थरथरत होता, आणि ते फाडणे जिवावर आले म्हणून पुठ्ठ्याचा नमुना ठेवून कात्रीने कापले. कापड मधल्या भागातले होते, विरलेले. कर्ण मोजलेच नाहीत.

चौक वहिनींकडे गेला. त्यांनी एक बाजू थोडी ओढून, एक थोडी चुणून पट्टी बसविली. शाळेतल्या बाईंनी त्यावर दुसरी पट्टी लावली. तिसऱ्या फेरीत तो मावशींच्या हाती पडला. त्यांना नीट दिसत नव्हते; त्यांनी तळहात फिरवून पाहिला. मधला भाग झाकणासारखा फुगला होता. त्यांनी दोन्ही चौकटी उसवल्या आणि चौक आमच्याकडे परत पाठविला. निरोप एवढाच होता, "चौक वाकडा तर गोधडी वाकडी."

दोघींच्या चव्वेचाळीस दिवसांचे काम आमच्यामुळे उसवले गेले, याची लाज वाटली. बँकेत रोजमेळ जुळला नाही की चूक शेवटच्या बेरजेत शोधून सापडत नाही; ती सकाळच्या पहिल्या नोंदीत असते. हे रोज करणाऱ्या आम्ही येथे मात्र पहिली नोंदच चुकविली होती.

पुन्हा लुगडे उघडले. काठाजवळच्या मजबूत भागातून पाचच खण निघाले. नऊ हवे होते. बाजारातून हिरवे कापड आणावे असा विचार होता. पण वहिनींनी आपल्या सासूच्या पातळाचा खण दिला, बाईंनी आपल्या जुन्या खादीच्या साडीचा, ताईंनी घरातल्या चौकडीच्या लुगड्याचा, आणि मावशींनी त्यांच्या स्वतःच्या लुगड्याचा. आईचे पाच खण मध्ये अधिकाच्या चिन्हासारखे आले आणि चार कोपरे चौघींचे झाले. या वेळी सगळे फाडूनच घेतले. कर्ण दोन्हीकडून साडेपंचवीस भरले. उसवलेल्या पट्ट्या शाबूत होत्या. त्याच पुन्हा लागल्या.

शेताचे बांध आणि चीवर

तुकडे जोडून वस्त्र करणे ही केवळ गरिबीची खूण आहे काय? विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना तथागतांनी मगधातील शेते पाहिली. ओळीने आखलेली, बांधांनी विभागलेली. भिक्खूंची चीवरे अशी करता येतील का, असे त्यांनी आनंदास विचारले. आनंदांनी तसे चीवर शिवून दाखविले आणि त्यांची प्रशंसा झाली. आजही भिक्खूंचे चीवर तुकडे जोडूनच शिवलेले असते. त्यातील शिवणी म्हणजे त्या शेतांचे बांध. कापडाचे तुकडे केल्याने ते चोराच्या लोभाचे राहत नाही, हाही त्यामागील विचार होता.

चुल्लवग्गात कौशांबीच्या उदेन राजाचा प्रसंग आहे. राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दिली. एवढ्यांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना देऊ. जीर्ण चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची वस्त्रे करू. ती जुनी झाली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणी, मग फडकी. आणि फडकी झिजली की कुटून मातीत मिसळून जमीन लिंपू. राजा संतुष्ट झाला. आपल्या आयांनी हे वाचलेले नव्हते, पण लुगड्याची गोधडी, गोधडीचे दुपटे आणि दुपट्याचे पोतेरे करताना त्या नेमके हेच करीत होत्या.

वर्षावास संपल्यावर कार्तिक पौर्णिमेपर्यंत कठीण चीवराचा काळ असतो. दान मिळालेले कापड मोजून, कापून, शिवून, रंगवून एकाच दिवसात चीवर पुरे करावयाचे आणि ते एका भिक्खूस द्यावयाचे, अशी त्याची मूळ रीत आहे. म्हणूनच ते सर्वांनी मिळून करण्याचे काम ठरते.

दूरच्या भगिनी

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ व यल्लापूर भागात, सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी शिवतात. हा समाज मूळ आफ्रिकेतून आलेल्यांचा. त्या कडेपासून सुरुवात करून फेऱ्यांनी मध्याकडे येतात आणि कोपऱ्यात घडी घातलेल्या तुकड्यांची फुले लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी समजतात. बंगालच्या नक्षी कांथ्याच्या मधोमध बहुधा कमळ असते.

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया गुलामगिरीत राबलेल्यांच्या वंशज. कामाचे फाटके कपडे जोडून त्या गोधड्या करीत. घराचे छप्पर या नावाचा त्यांचा एक प्रकार आहे. मधल्या एका तुकड्याभोवती पट्ट्या लावीत बाहेर जावयाचे, आमच्या भिशीसारखेच. त्या परगण्यातील स्त्रियांनी १९६६ साली गोधड्यांची सहकारी संस्था काढली. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्या भिंतीवर लागल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. ज्या चिंध्या आपण पाहुण्यांपासून लपवितो, तशाच चिंध्या त्यांनी जगासमोर मांडल्या.

शेवटचा टाका

चौक परत आल्यावर गोधडी भरावयाची असते. जमिनीवर अस्तराची साडी ताणून पसरावी, वर जुन्या कापडाचे तीन-चार थर द्यावेत, सर्वात वर चौकटींचे कापड ठेवावे. कडांवर वजने ठेवून प्रथम मधून बाहेरच्या दिशेने लांब कच्चे टाके घालावेत, म्हणजे थरांमधला ढिलेपणा कडेला निघून जातो. नंतर पक्का धावदोरा कडेपासून फेऱ्यांनी आत आणावा. जो चौक सर्वात आधी झाला, त्याला टाका सर्वात शेवटी पडतो.

बाकीचे चार चौक अश्विन पौर्णिमेस घरी पोहोचले. आमचा कार्तिक पौर्णिमेस आला. शेवटची फेरी मावशींनी स्वतः घातली. सुईत दोरा आम्ही ओवून देत होतो.

ही गोधडी आता आमच्या बैठकीच्या खोलीत असते. कोणी विचारले तर कोणता खण कोणाचा ते सांगतो. वाचक भगिनींना, आणि बंधूंनाही, एवढीच विनंती आहे की घरातील जुनी लुगडी भांडीवाल्याला देण्याआधी त्यातला मजबूत भाग काढून ठेवावा. आपल्या वस्तीत शिवणाऱ्या एखाद्या मावशी असतील, तर त्यांच्या डोळ्यांत उजेड आहे तोवर त्यांच्याजवळ जाऊन बसावे. आणि चौक कापताना माया सोडावी, चारही बाजूंनी सारखी.