सहा हजारांत कोणता मोबाईल?

चितेगाव म्हटलं की पैठण रोडवरचा व्हिडिओकॉनचा कारखाना आठवतो. टीव्ही-फ्रिजमुळे घराघरांत पोचलेली ही कंपनी 2009 मध्ये मोबाईलमध्येही उतरली. म्हणून 2014 साली घरून आलेले सहा हजार घेऊन मी फोन शोधायला लागलो, तेव्हा पहिला विचार आपल्या गावच्या कंपनीचाच आला. तिची ‘इन्फिनियम’ मालिका तेव्हा बाजारात होती.

पण त्याच सप्टेंबरमध्ये दोन नवे फोन आले. 2 तारखेला शाओमीचा रेडमी 1एस, किंमत 5,999 रुपये. 15 तारखेला गुगलच्या ‘अँड्रॉइड वन’ योजनेतला मायक्रोमॅक्स कॅनव्हास ए1, किंमत 6,499.

होस्टेलवर दोन्ही फोन आले, तेव्हा शेजारी-शेजारी धरून पाहिले. ए1 सुटसुटीत वाटला, मेनू एकदम साधा. पण रेडमीवरची अक्षरं जास्त रेखीव दिसली. असं का? उत्तर पायथागोरसकडे आहे! ए1चा स्क्रीन 4.5 इंच, पिक्सेल 480×854. कर्णावर सुमारे 980, म्हणजे इंचाला 218. रेडमीचा 4.7 इंच, 720×1280. कर्णावर 1469, म्हणजे इंचाला 312. आता तेच 480×854 पिक्सेल पाच इंचांवर ताणले, तर इंचाला 196च उरतात. थोडक्यात, मोठा स्क्रीन म्हणजे चांगला स्क्रीन नव्हे.

रॅम दोघांची 1 जीबी. स्टोरेज मात्र 4 विरुद्ध 8 जीबी, कॅमेरा 5 विरुद्ध 8 मेगापिक्सेल. ए1च्या बाजूने एकच मोठी गोष्ट होती, ती म्हणजे अँड्रॉइडचे अपडेट थेट गुगलकडून.

मग रेडमीला हे परवडलं कसं? तो दुकानात मिळतच नव्हता. विक्री फक्त फ्लिपकार्टवर, त्यामुळे डीलरचं कमिशन वाचलं. पहिले 40,000 फोन काही सेकंदांत संपले. खरी स्पर्धा दोन फोनांची नव्हती, विकण्याच्या दोन पद्धतींची होती. गावोगावच्या डीलरवर उभ्या असलेल्या आपल्या कंपन्यांना ती जड गेली.

2018 मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याचं कारण मोबाईल नव्हे, कर्जाचा डोंगर होता. पण झळ बसली ती इथल्या कामगारांना.

असो. पुढचा नवा फोन येईल तेव्हा जाहिरातीआधी कॅल्क्युलेटर काढा. सहा हजार घरच्यांनी कसे जमवले, ते आपल्यालाच ठाऊक असतं!