आधी वाद्य वाजवा, मग पैसे द्या

मद्रासमध्ये जुनी वस्तू घ्यायची तर एके काळी लोक मूर मार्केट गाठत. सेंट्रल स्टेशनजवळ १९०० साली उभं राहिलेलं ते मार्केट १९८५ च्या मे महिन्यात जळालं. तिथले सगळेच विक्रेते सज्जन होते असं नाही, पण वस्तू हातात घेऊन ठोकून बघता येई आणि विकणारा दुसऱ्या दिवशी त्याच गाळ्यावर भेटे. आज चेन्नईत जुनी वीणा, व्हायोलिन किंवा कीबोर्ड मोबाइलवरच्या फोटोंतून समोर येतो आणि विकणाऱ्याला गाळा नसतो. म्हणून बहुतेक खरेदीदार विकणाऱ्याला जोखत बसतात: बोलणं कसं आहे, नाव खरं वाटतं का. मला हा प्रयत्नच चुकीच्या जागी वाटतो. जोखायचं ते वाद्य, आणि तेही ते जिथे आहे तिथे जाऊन. ठग असेल तर तो भेटच टाळतो, आणि माणूस प्रामाणिक असला तरी त्यालाही ठाऊक नसलेला दोष या भेटीत सापडतो.

हा दुसरा धोका पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. दक्षिणेची वीणाच घ्या. फणसाचं लाकूड, २४ पडदे, वाजवायच्या ४ तारा आणि तालाच्या ३. पडदे थेट लाकडावर बसत नाहीत, काजळी मिसळलेल्या मेणाच्या थरात रोवलेले असतात. मेण जुनं झालं, उन्हाळ्यात मऊ पडलं, की पडदा जागचा हलतो आणि स्वर बिघडतो. मग कारागिराकडून सगळे पडदे नव्यानं बसवून घ्यावे लागतात. ‘मेळम’ बांधण्याचं हे काम कानाचं आहे, घाईचं नाही, आणि त्याचा खर्च जाहिरातीतल्या किमतीत धरलेला नसतो. म्हणून प्रत्येक पडद्यावर तार दाबून ऐकावी. दांडी वाकली आहे का, हे एका टोकाला डोळा लावून पाहावं. घोडीवर तारांनी खाचा पाडल्या आहेत का, समुद्राच्या दमट हवेत खुंट्या घट्ट राहतात की घसरतात, लाकडातून किडीचा भुसा गळतो का, हेही तिथेच कळतं. भोसल्यांच्या तंजावरची जुनी, नक्षीदार वीणा मिळत असेल तर आणखी एक गोष्ट बघावी. पूर्वी या नक्षीला हस्तिदंत वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि १९९१ च्या दुरुस्तीनं हस्तिदंताचा व्यापार बंद केला आहे. आजीची आठवण म्हणून जपलेली वीणा विकणारा कितीही सरळ असला, तरी तिच्यावर हस्तिदंत असेल तर तो व्यवहार करू नये.

कायद्याचा आधार इथे तोकडाच. १९३० च्या मालविक्री कायद्यात गिऱ्हाइकानं माल नीट पाहून घ्यावा हेच मूळ गृहीत आहे, आणि जी मालकी विकणाऱ्याकडे नाही ती सहसा घेणाऱ्यालाही मिळत नाही. चोरीचं व्हायोलिन पूर्ण पैसे मोजूनही आपलं होत नाही. तेव्हा मूळ बिल किंवा दुरुस्तीची पावती मागावी, आणि नाव, पत्ता, तारीख, रक्कम, वाद्यावर क्रमांक असल्यास तो, असं सगळं लिहून दोघांनी सही करावी. वाद्य न बघता आगाऊ रक्कम पाठवू नये. पाठवून फसलंच तर लगेच सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर फोन करावा. योगायोग असा, की तो क्रमांकही १९३० च आहे.

यावर लोक म्हणतील, मार्गळीच्या संगीत-हंगामाच्या तोंडावर चांगलं वाद्य दोन दिवसही थांबत नाही. खरं आहे, पण घाई हेच ठगाचं भांडवल असतं, आणि एखादी वीणा हातची गेली तर या शहरात दुसरी मिळते. पारखी माणूस कुठून आणायचा, असंही कोणी विचारेल. शिकणाऱ्याला गुरू असतातच. मैलापूरसारख्या भागात दुरुस्ती करणारे कारागीर आहेत, त्यांना वेळेचे पैसे देऊन सोबत न्यावं. विकणारा दुखावेल ही भीती तर मला मुळीच पटत नाही. ज्यानं वीस वर्षं एक वाद्य वाजवलं, त्याला ते कोणीतरी सुरात लावून ऐकतंय याचा आनंदच होतो. खरी अडचण आहे ती दूरच्या वाद्याची. चेन्नईतल्या मराठी घराला मिरजेचा जुना तंबोरा हवा असेल, तर दर वेळी तिकीट काढून जाणं परवडत नाही. तरीही व्हिडिओवर भागवू नये, मिरजेतल्याच एखाद्या कारागिराला तो बघायला पाठवावं. भोपळ्याला गेलेला तडा बुजवून वर रंग दिला की कॅमेऱ्यात दिसत नाही. तळव्यानं हलकेच थोपटलं की मात्र तो ऐकू येतो.