संगणकाचा ताप

वऱ्हाडात वैशाखात पारा ४२ अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही. अशा दुपारी किन्हीराजासारख्या गावी संगणकावर खेळ मांडला, की प्रोसेसर ८५ अंशांवर पाहून विद्यार्थी धास्तावतो. ही धास्ती बहुधा अनाठायी होय. ‘ताप’ या एकाच शब्दात आपण उष्णता आणि आजार दोन्ही कोंबले आहेत, हेही तिचे एक कारण असावे. पंखा प्रोसेसरला खोलीतील हवेहून थंड करू शकत नाही. खोली २५ अंशांवरून ४० वर गेली, तर प्रोसेसरही सुमारे तितकाच चढतो. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास आहे. एएमडीच्या रायझन ७९५०एक्सची ९५. तेथे पोचताच प्रोसेसर आपला वेग स्वतःच उतरवितो, आणि खेळ अडखळू लागतो. पौषातही हेच घडत असेल, तर मात्र पंख्यातील धूळ काढावी व प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळला आहे काय, ते पाहावे.